मराठीच्या तासामागचा माणूस

पाचवी, सहावी, सातवी या तीन इयत्तांत मराठीच्या तासाला आपण काय शिकलो असे कोणी विचारले, तर बहुतेकांना आधी कविता आठवतील. चालीवर म्हटलेले सहसा विसरत नाही. त्यानंतर एखादा धडा, एखादा निबंध, शुद्धलेखनाच्या वहीतल्या लाल खुणा. व्याकरण मात्र आपणहून कोणी आठवत नाही. तरीही झोपेतून उठवून विचारले तर स, ला, ते आणि ने, ए, शी ही माळ आपल्यापैकी बहुतेकांच्या तोंडून अजूनही न अडखळता बाहेर पडेल. नामाऐवजी येते ते सर्वनाम, नामाबद्दल जास्त माहिती सांगते ते विशेषण, या व्याख्या आपण अर्थ कळण्याआधीच पाठ केल्या. अर्थ पुढे केव्हातरी कळला. कोणाला नोकरीत अर्ज लिहिताना, कोणाला स्वतःच्या मुलांचा अभ्यास घेताना.

हे सारे आपल्याला इतके जुने वाटते, की ते कोणीतरी एकदा बसून लिहिले असेल असे मनातही येत नाही. पाढ्यांसारखे तेही आधीपासून असायचेच, अशी आपली समजूत. प्रत्यक्षात शाळेतल्या मराठी मुलांच्या हाती मराठीतूनच लिहिलेले मराठीचे व्याकरण पडायला लागून अजून दोनशे वर्षेही झालेली नाहीत. आणि त्यातले सर्वांत टिकलेले व्याकरण ज्यांनी लिहिले, ते तेव्हा बावीस वर्षांचे होते. दादोबा पांडुरंग तर्खडकर हे त्यांचे नाव. मराठीचे पाणिनी ही त्यांची पदवी आपण स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकात किंवा सामान्यज्ञानाच्या सदरात वाचलेली असते. पदवीमागचा माणूस मात्र फारसा कोणाला ठाऊक नसतो. या मेळाव्यात आपल्या भाषाशिक्षकांचा सत्कार होत असताना, त्या सगळ्या शिक्षकांच्या मागे उभ्या असलेल्या या मूळ मास्तरांची ओळख करून घेणे योग्य होईल असे वाटले.

आधी एक गोंधळ दूर करू. तर्खडकर म्हटले की आपल्या वडील पिढीला भाषांतर पाठमाला आठवते, जिच्या आधाराने खेड्यापाड्यांतली मुले इंग्रजी शिकली. ती पाठमाला दुसऱ्या तर्खडकरांची. आपले दादोबा त्यांच्या आधीचे.

दादोबांचा जन्म ९ मे १८१४ रोजी मुंबईत झाला. घराणे वैश्य वाणी समाजातले, मूळ वसईजवळच्या तर्खडचे; गावावरून आडनाव पडले. वडिलांचे नाव पांडुरंग, आईचे यशोदा. पेशवाई बुडाली तेव्हा दादोबा चार वर्षांचे होते. त्यांचे बालपण म्हणजे जुनी विद्या आणि नवी विद्या यांच्यामधला काळ.

जुनी विद्या म्हणजे पंतोजींची शाळा. तिथे धुळाक्षरे गिरवायची, पाढे, पावकी, निमकी घोकायची, मोडी वाचायला आणि लिहायला शिकायचे. छापील पुस्तक नव्हते. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा काटेकोर भेद कोणी पाळत नसे. खत, हुंडी, जमाखर्च वाचता आला म्हणजे शिक्षण पुरे झाले. मुलगा जी भाषा घरी बोलत होता तीच शाळेत लिहीत होता, पण त्या भाषेत काही रचना आहे, तिच्यातल्या शब्दांच्या काही जाती आहेत, हे त्याला कोणी सांगत नव्हते. भाषाशास्त्र शिकायचे असेल तर ते संस्कृताचे, आणि तेही पाठशाळेत. मराठी ही शिकायची वस्तू नव्हतीच. ती येतच असते, मग शिकायचे काय?

नवी विद्या आली ती एल्फिन्स्टन साहेबांच्या काळात मुंबईत निघालेल्या शिक्षण मंडळीच्या शाळांतून. पुढे ही संस्था बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी या नावाने ओळखली जाऊ लागली. सदाशिव काशिनाथ छत्रे, म्हणजे बापू छत्रे, हे या मंडळीचे आधारस्तंभ. त्यांचे बाळमित्र आणि इसापनीतिकथा ही पुस्तके १८२८ मध्ये निघाली. तीन वर्षांनी, १८३१ मध्ये, मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश बाहेर पडला. दादोबा याच मंडळीच्या इंग्रजी शाळेत शिकले. तिथे त्यांना इंग्रजी व्याकरण शिकवले गेले, आणि एका हुशार मुलाच्या मनात एक साधी गोष्ट भरली. परक्या भाषेचे व्याकरण आपण एवढ्या कष्टाने शिकतो आहोत, संस्कृताचे व्याकरण तर जगाला ठाऊक आहे, मग आपण घरी बोलतो त्या भाषेचे व्याकरण कुठे आहे?

ते अगदीच नव्हते असे नाही. महानुभाव पंथात भीष्माचार्यांच्या पंचवार्तिकासारखा जुना प्रयत्न झाला होता, पण तो पंथाबाहेर पोचलाच नव्हता. १८०५ मध्ये सेरामपूरला विल्यम कॅरी यांनी मराठीचे व्याकरण छापले होते, पण ते इंग्रजीत होते आणि मिशनरी व साहेब लोकांसाठी होते. मराठी ज्याला येत नाही त्याच्यासाठी मराठीचे व्याकरण, असा तो प्रकार. मराठी ज्याला येते त्याला त्याचीच भाषा उलगडून दाखवणारे पुस्तक हवे होते. १८३६ मध्ये दादोबांचे महाराष्ट्र भाषेचें व्याकरण प्रसिद्ध झाले. त्याच सुमारास बाळशास्त्री जांभेकर यांचे बालव्याकरण आणि गंगाधरशास्त्री फडके यांचे व्याकरणही निघाले. म्हणजे गरज सर्वांनाच जाणवत होती. परंतु शाळाशाळांतून पिढ्यान् पिढ्या चालले, वाढत गेले आणि पुढच्या व्याकरणकारांना ज्याच्याशी भांडावे लागले, ते दादोबांचे.

या पुस्तकात त्यांनी काय केले हे समजून घेण्यासारखे आहे, कारण आपल्या सातवीच्या वहीतला बराचसा मजकूर त्याच मार्गाने आलेला आहे. त्यांच्यासमोर दोन नमुने होते. एक संस्कृत व्याकरणाचा, दुसरा इंग्रजीचा. इंग्रजी व्याकरण शब्दांच्या आठ जाती पाडते. आपल्या वहीतही आठच जाती आहेत: नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद आणि चार अव्यये. चौकट त्या बाजूची, पण नावे आणि विभक्तीची व्यवस्था संस्कृताकडची. प्रथमेपासून संबोधनापर्यंत आठ विभक्तींचा तक्ता आपण भिंतीवर पाहिला, तो संस्कृताचा वारसा. दोन घरांतून आणलेल्या भांड्यांत दादोबांनी मराठीचा संसार मांडला.

मराठी मात्र दोन्ही भांड्यांत पुरती मावत नाही, आणि खरी कसोटी तिथे होती. आपण सहज म्हणतो, रामाने आंबा खाल्ला, रामाने चिंच खाल्ली, रामाने बोर खाल्ले. खाणारा तोच, क्रिया तीच, पण खाल्ला, खाल्ली, खाल्ले हे रूप बदलते ते खाल्लेल्या फळाप्रमाणे. इंग्रजी क्रियापद असे वागत नाही. इंग्रजीतला कर्मणी वेगळा आणि आपला वेगळा. चार वर्षांचे पोर ही रूपे न चुकता वापरते, पण ती का बदलतात हे त्याला सांगता येत नाही. त्याच्या आजोबांनाही नाही. हे कर्तरी, कर्मणी, भावे असे लावून दाखवणे, घोडा या शब्दाला प्रत्यय लागताना मध्येच घोड्या कुठून येतो याची संगती लावणे, हे काम साधे नव्हते. आपल्याला सहावीत प्रयोग ओळखताना घाम फुटला; दादोबांच्या पुढ्यात तर ओळखायच्या यादीसह सारेच कोरे होते.

त्या कामाचा परिणाम व्याकरणापुरता राहिला नाही. भाषेला नियम आहेत असे छापील पुस्तकाने दाखवले, की ती भाषा वर्गात बसू शकते, तिची परीक्षा घेता येते, तिच्यात शास्त्र लिहिता येते. बोलीतल्या माणसाची भाषा संस्कृताच्या आणि इंग्रजीच्या शेजारी पाटावर बसली. त्याच काळात मेजर थॉमस कँडी यांच्या प्रयत्नांनी मराठीत पूर्णविराम, स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह रुळत होते. विरामचिन्हांसाठी आपले एक-दोन गुण जे गेले, ते कँडी साहेबांच्या खात्यावर. बाकीचे बहुतेक दादोबांच्या.

दादोबांचे स्वतःचे आयुष्य मात्र एका जागी बसून पुस्तके लिहिण्याचे नव्हते. पोटासाठी त्यांना बरेच फिरावे लागले. माळव्यात जावऱ्याच्या नबाबाचे शिक्षक म्हणून त्यांनी काही काळ काम केले. नंतर मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत ते शिक्षक झाले आणि तिथून सुरतेच्या सरकारी इंग्रजी शाळेत गेले. सुरतेत त्यांच्या स्वभावाची दुसरी बाजू उघड झाली.

व्याकरण लिहिणारा माणूस रूढ गोष्टीलाही कारण विचारतो. हा प्रत्यय इथेच का लागतो, असे विचारणाऱ्याला हा आचार असाच का, हेही विचारल्याशिवाय राहवत नाही. सुरतेत दुर्गाराम मेहता नावाचे गुजराती शिक्षक होते, विधवाविवाहाचे कैवारी. दादोबा, दुर्गाराम आणि त्यांच्यासारख्याच विचारांची आणखी काही मंडळी यांनी १८४४ मध्ये मानवधर्म सभा स्थापन केली. देव एक, माणसाची जात एक, अशी त्यांची शिकवण. भूत उतरवणारे आणि मंत्राने चमत्कार करणारे यांना ते उघड आव्हान देत. विशेष हे, की सभेतले प्रमुख लोक शाळामास्तर होते. दिवसा वर्गात पाढे आणि संध्याकाळी सभेत भुताखेतांचा समाचार.

१८४६ मध्ये दादोबा मुंबईला परतले. त्याच वर्षी बाळशास्त्री जांभेकर अकाली वारले होते. शिक्षक तयार करण्यासाठी निघालेला नॉर्मल वर्ग बाळशास्त्री चालवत होते. तो आता दादोबांच्या हाती आला. आपण ज्याला पुढे ट्रेनिंग कॉलेज, डी.एड. म्हणू लागलो, त्याचे हे पहिले रूप. जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेले तरुण इथे शिकवायला शिकत आणि आपापल्या भागात शाळा चालवायला जात. व्याकरणाचे पुस्तक लिहिणे ही एक गोष्ट, आणि ते वर्गात शिकवणारे हात तयार करणे ही दुसरी. दादोबांनी दोन्ही केल्या. म्हणून त्यांचे व्याकरण कपाटात राहिले नाही.

पुढे मराठी शाळांची देखरेख त्यांच्याकडे आली. १८५१ मध्ये पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या मुलींच्या शाळेची तपासणी करायला गेलेले अधिकारी दादोबाच होते. थोड्या अवधीत मुलींनी केलेली प्रगती पाहून त्यांनी समाधान व्यक्त केले. ज्या शाळेत जाताना शिक्षिकेच्या अंगावर शेण आणि दगड येत होते, त्या शाळेतल्या मुलींना मराठीच्या व्याकरणकर्त्याने प्रश्न विचारावेत आणि त्यांनी उत्तरे द्यावीत, हा प्रसंग आपल्या शाळेच्या माजी विद्यार्थिनींनी विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्या वेळी सरकारी शेरा अनुकूल पडणे ही लहान गोष्ट नव्हती.

मुंबईत १८४८ मध्ये एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी ज्ञानप्रसाराची संस्था काढली. तरुण दादाभाई नौरोजी तिच्यातले एक कार्यकर्ते. तिच्या मराठी शाखेचे, उपयुक्त ज्ञानप्रसारक सभेचे, अध्यक्षपद दादोबांकडे होते. मराठीतून निबंध वाचायचे, त्यावर चर्चा करायची, हा तिचा क्रम. आपल्या शाळेत शनिवारी वक्तृत्वाचा तास असे. त्या तासाची पणजी शोधायची तर ती इथे सापडते. या विद्यार्थ्यांनीच पुढच्या वर्षी मुंबईत मुलींसाठी शाळा सुरू केल्या.

याच सुमारास, १८४९ मध्ये, दादोबांच्या प्रेरणेने परमहंस सभा निघाली. तिची हकीकत सांगितल्याशिवाय हे चरित्र पुरे होत नाही. सभासद होणाऱ्याने जातिभेद मानत नाही हे कृतीने दाखवायचे, म्हणजे त्या काळी जे खाल्ल्याप्यायल्याने माणूस जातीबाहेर पडे ते सर्वांबरोबर बसून खायचे. एकत्र प्रार्थना, एकत्र भोजन. पण हे सारे गुप्त. दार लावून. सभासदांची संख्या पुरेशी वाढली, की मग उघड करायचे, असा बेत होता. ती वेळ आली नाही. १८६० च्या सुमारास सभेची कागदपत्रे चोरीला गेली, सभासदांची नावे फुटणार अशी धास्ती पसरली आणि सभा मोडली. दारामागे जे शूर होते त्यांतल्या पुष्कळांनी दार उघडताच जातीची वाट धरली.

दादोबांवर या प्रकरणाचा ठपका ठेवणारे तेव्हाही होते, आजही आहेत. सभेच्या विचारांचा पाया असलेले त्यांचे धर्मविवेचन हे पुस्तक १८४३ मध्येच लिहून झाले होते, पण छापले गेले १८६८ मध्ये, आणि तेही स्वतःचे नाव न घालता. पंचवीस वर्षे ते हस्तलिखितच राहिले. भाषेचे नियम त्यांनी बावीसाव्या वर्षी स्वतःच्या नावाने जगापुढे ठेवले. धर्माच्या बाबतीत मात्र त्यांनी आयुष्यभर आवाज खाली ठेवला. याला भित्रेपणा म्हणावे की शहाणपण, हे ज्याने त्याने ठरवावे. त्या काळी वाळीत पडणे म्हणजे मुलीचे लग्न अडणे, घरातल्या मर्तिकाला खांदा न मिळणे, हे लक्षात घेऊनच ठरवावे. आणि हेही लक्षात घ्यावे, की विझलेल्या त्या सभेची राख फुकट गेली नाही. १८६७ मध्ये मुंबईत प्रार्थना समाज स्थापन झाला, तो उघडपणे. आणि त्याचे संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग हे दादोबांचे धाकटे बंधू. ज्या घरात मोठ्या भावाने दार लावून विचार केला, त्या घरातल्या धाकट्याने दार उघडले.

मधले बंधू भास्कर पांडुरंग यांचीही एक ओळख. १८४१ मध्ये त्यांनी बॉम्बे गॅझेटमध्ये इंग्रजी राज्यावर कडाडून टीका करणारी पत्रे लिहिली. हिंदुस्थानची लूट कशी चालली आहे हे इतक्या स्पष्टपणे त्यापूर्वी फार थोड्यांनी लिहिले होते. ते १८४७ मध्ये तरुणपणीच वारले. उलट दादोबा १८५२ मध्ये शिक्षणखाते सोडून अहमदनगरला डेप्युटी कलेक्टर झाले, १८५७ च्या धामधुमीत भिल्लांचा उठाव मोडण्याच्या कामी सरकारला उपयोगी पडले आणि रावबहादूर झाले. एकाच आईची दोन मुले, एकाच शाळेत शिकलेली. एकाने सरकारला जाब विचारला, दुसऱ्याने सरकारची चाकरी केली. आपल्या बॅचकडे पाहिले तरी हे नवल वाटू नये. एकाच बाकावर बसलेल्यांच्या वाटा किती वेगळ्या होतात, हे या मेळाव्यात आपण पाहतोच आहोत.

कलेक्टरकीतही मराठीने त्यांना सोडले नाही. व्याकरणाची दुसरी आवृत्ती त्यांनी १८५० मध्ये काढली होती आणि ती पहिलीचे नुसते पुनर्मुद्रण नव्हती. पुस्तक त्यांनी पुन्हा नव्याने बांधले. पुढच्या आवृत्त्यांतही दुरुस्त्या चालूच राहिल्या. १८६५ मध्ये लहान मुलांसाठी त्यांनी लघु व्याकरण लिहिले. मोठे व्याकरण मुलांना झेपत नाही, हे नॉर्मल वर्गाच्या जुन्या मास्तराला कळत होते. आपण पाचवी ते सातवीत जे शिकलो त्याचा खरा पूर्वज हे छोटे पुस्तक. त्याच सुमारास मोरोपंतांच्या केकावलीवर त्यांनी टीका लिहिली आणि आईवडिलांच्या नावांवरून तिला यशोदा पांडुरंगी असे नाव दिले. केकावलीतल्या अवघड समासांपुढे हात टेकणाऱ्या विद्यार्थ्यांना त्या टीकेने पुष्कळ वर्षे आधार दिला.

आणि मग टीका आली. ती साध्यासुध्या माणसाची नव्हती. कृष्णशास्त्री चिपळूणकर, संस्कृत आणि इंग्रजी दोन्हींचे जाणकार, यांनी मराठी शाळापत्रकातून मराठी व्याकरणावर निबंध लिहिले आणि दादोबांच्या मांडणीतले दोष एकेक करून दाखवले. शाळापत्रक म्हणजे शिक्षकांचे मासिक. म्हणजे ज्या मास्तरांना दादोबांनी घडवले, ज्यांच्या वर्गात दादोबांचे व्याकरण चालत होते, त्यांच्याच हातात दादोबांच्या चुकांचा पाढा येत होता. इंग्रजीचा साचा मराठीला कितपत लावावा, विभक्ती प्रत्ययावरून ठरवावी की अर्थावरून, प्रयोग किती मानावेत, असे मराठी व्याकरणातले प्रश्न त्या पिढीपासून जे सुरू झाले ते आजही पूर्ण मिटलेले नाहीत. १९११ मध्ये मोरो केशव दामले यांनी शास्त्रीय मराठी व्याकरण लिहिले, तेव्हा त्यांनाही दादोबांपासूनच्या सगळ्या मतांचा हिशेब मांडावा लागला.

साठी उलटलेल्या, रावबहादूर झालेल्या, चार दशके प्रमाण मानल्या गेलेल्या माणसाने यावर गप्प बसणे किंवा चिडणे स्वाभाविक होते. दादोबा पुन्हा कामाला लागले. १८८१ मध्ये, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, त्यांनी मराठी व्याकरणाची पूरणिका प्रसिद्ध केली. पूरणिका म्हणजे भर, पुरवणी. पंचेचाळीस वर्षांपूर्वी सुरू केलेले पुस्तक अजून पुरे झालेले नाही, एवढे या नावातच आले. पुढच्याच वर्षी, १७ ऑक्टोबर १८८२ रोजी, ते वारले.

या चरित्रातून आपल्या मराठीच्या तासाकडे पुन्हा पाहिले, तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. आपल्याला वाटे, नियम म्हणजे दगडावरची रेघ, आणि तो मोडला की लाल शाई. ज्यांनी ते नियम पहिल्यांदा मांडले ते मात्र त्यांना सारखे तपासत राहिले. दादोबांच्या पुस्तकाचे नावच पाहा. भाषेचें मधल्या चें वर अनुस्वार आहे. १९६२ नंतरच्या शुद्धलेखनाच्या नियमांप्रमाणे शिकलेल्या आपल्यापैकी कोणी तो दिला असता तर गुण कापले गेले असते. १८३६ मध्ये तो न दिल्याबद्दल कापले गेले असते. म्हणजे मराठीच्या आद्य व्याकरणकर्त्याला आपल्या सातवीच्या पेपरात शुद्धलेखनाचे पैकीच्या पैकी गुण पडले नसते. यात हसण्यासारखे आहे तसे दिलासा देणारेही आहे. आपल्यातल्या ज्यांची घरची बोली पुस्तकातल्या मराठीहून वेगळी होती, ज्यांना न आणि ण वरून, पाणी आणि पानी वरून वर्गात मान खाली घालावी लागली, त्यांच्यासाठी तर विशेष. प्रमाणभाषा ही माणसांनी, विशिष्ट काळात, गरजेपोटी ठरवलेली गोष्ट आहे. ती शिकणे उपयोगाचे, कारण तिच्यामुळे नागपूरच्या माणसाचे पत्र सावंतवाडीला कळते. पण ती न आल्याने कोणाची बोली हलकी ठरत नाही. खाल्ला, खाल्ली, खाल्ले हा भेद आपली निरक्षर आजीही अचूक करत होती. दादोबांनी तो शोधला तो अशाच न शिकलेल्या माणसांच्या तोंडून.

दुसरी गोष्ट आपल्या शिक्षकांबद्दल. व्याकरणाचा तास कोणाला आवडत नसे, हे त्यांनाही ठाऊक होते. कंटाळलेल्या चाळीस-पन्नास मुलांपुढे, दुपारच्या सुट्टीनंतर, वर्षानुवर्षे तेच प्रयोग आणि तेच समास शिकवणे हे कोणाच्या टाळ्या मिळवून देणारे काम नाही. पण आज आपण जिथे कुठे आहोत, कार्यालयात, दुकानात, शेतात, परदेशात, तिथे आपण चार ओळी सरळ लिहू शकतो. दुसऱ्याचे वाक्य कुठे तुटले ते आपल्याला कळते. आणि आपली भाषा ही विचार करण्याजोगी गोष्ट आहे हे आपण जाणतो. हे त्या तासांचे देणे आहे. आता गावोगावी मराठी शाळांचे वर्ग रोडावत आहेत. आपल्यापैकीच पुष्कळांची मुले-नातवंडे दुसऱ्या माध्यमात शिकतात, आणि त्याला त्या त्या घरची कारणे आहेत. तरीही ज्या प्रश्नापासून दादोबांनी सुरुवात केली तो पुन्हा उंबऱ्यावर येऊन उभा आहे: घरी बोलतो ती भाषा शिकायची वस्तू आहे की नाही? त्यांनी उत्तर पुस्तक लिहून दिले. आपण निदान घरात तरी द्यायला हवे. नातवाला किंवा नातीला रामाने काय काय खाल्ले हे विचारून पाहावे, आणि खाल्ला-खाल्लीचा भेद त्यांचा त्यांना शोधू द्यावा. मजा वाटते मुलांना.

दादोबांनी आपले आत्मचरित्रही लिहायला घेतले होते. ते १८४६ पर्यंतच्या काळाशी थांबते. अ. का. प्रियोळकर यांनी ते संपादून, उरलेले चरित्र जोडून, १९४७ मध्ये प्रसिद्ध केले. मेळाव्यानिमित्त शाळेच्या ग्रंथालयाला पुस्तके द्यावीत असे ज्यांच्या मनात आहे, त्यांनी जुन्या पुस्तकांच्या दुकानांत या ग्रंथाचा शोध घ्यावा ही विनंती. प्रत सापडली तर ती मराठीच्या कपाटात, व्याकरणाच्या पुस्तकांशेजारी ठेवावी. सातवीतला एखादा चौकस विद्यार्थी ती नक्की उघडेल.